बापूरावांच्या कोरड्या फळ्या

बापूराव मोघे आमच्याकडे जेवायला आले की पाटावर बसण्याआधी स्वयंपाकघरात डोकावत आणि आईकडे तेलाचा एक थेंब मागत. तो बोटांत चोळून, डोळे मिटून निकाल देत, "पळतंय, पण धरणार नाही." आई बिचारी म्हणायची, "भजी तळायचीत हो भावजी, धरायचंय काय त्यात?" पुतण्यासाठी मुलगी बघायला गेले, तेव्हा मुलीचं शिक्षण, गाणं सगळं राहिलं बाजूला, यांनी विचारलं, "वेणीला तेल कुठलं लावतेस गं?" सोयरीक मोडता मोडता वाचली.

या वेडाचं मूळ फूलबागेजवळच्या आमच्या क्लबात होतं. तिथल्या लांबट शेडमध्ये लाकडी फळ्यांची एक गुळगुळीत पट्टी होती. एका टोकाला नऊ लाकडी खुंट उभे करायचे आणि दुसऱ्या टोकाहून जड गोळा घरंगळत सोडून ते पाडायचे. पट्टीच्या दोन्ही बाजूंना चर. गोळा चरात पडला की डाव फुकट. दरबारातल्या कुणा हौशी सरदाराने हा साहेबी खेळ आणला होता. पट्टीला तेल लावायचं काम बापूरावांनी आपणहून अंगावर घेतलेलं. बायको लवकर गेली, घरी वाट पाहणारं कुणी नाही. कचेरीत ते माझ्या शेजारच्या टेबलावर आणि जयेंद्रगंजात माझ्या शेजारच्या घरात, त्यामुळे तेलाची प्रवचनं मला दोन्हीकडे ऐकावी लागत.

"अरे भई, गोळा तोच असतो, तेलाचा मिजाज बदलतो," असं त्यांचं ठरलेलं वाक्य. तेल भरपूर असलं की गोळा घसरत नाकासमोर जातो. मे महिन्यात लूचा गरम वारा सुटला की तेल सुकतं, फळ्या गोळ्याला धरतात आणि तो मध्येच वळून भलत्याच खुंटाची चौकशी करायला जातो. फडका कुठल्या हाताने फिरवावा यावरसुद्धा त्यांची मतं होती. स्वतः खेळायला उभे राहिले की मात्र दोन-तीन खुंटांवर समाधान मानायचे.

खेळायचे ते सुभेदार जाधव. रियासतीच्या रिसाल्यातले. रियासत विलीन झाली, फौजेची छाटणी झाली, आणि घोड्यावरून पडून मनगट वाकडं झालेल्या सुभेदारांना नव्या फौजेने घरी बसवलं. मिशांचा पीळ आणि क्लबातली संध्याकाळ, एवढंच त्यांच्याकडे उरलं होतं. खुंट धडाधड पाडायचे आणि गरजायचे, "मोघे, तेल नाही, हात लागतो हात!" बापूराव तणतणायचे, "माझ्या तेलाशिवाय खेळून दाखवा की!" मग दोघं एकाच बाकावर बसून चहा प्यायचे.

नव्या राज्याबरोबर क्लबाला नवे सेक्रेटरी आले. तरुण, तडफदार. पहिल्याच पाहणीत त्यांना दिसलं की पट्टी मधोमध चकाकते आणि उजव्या कडेच्या फळ्या साफ कोरड्या.

"मोघेजी, ये क्या? राजा-परजा का ज़माना गया. अब सब तख़्तों को बराबर तेल मिलेगा."

बापूरावांनी उभ्या नोकरीत वरिष्ठांचा हुकूम मोडला नव्हता. त्यांनी सगळ्या फळ्यांना सारखं तेल लावलं.

त्या संध्याकाळी सुभेदारांचा पहिला गोळा चरात गेला. दुसराही. तिसराही. कुणी हसलं असतं तर बरं झालं असतं. सुभेदारांनी मनगटाकडे पाहिलं, कोट चढवला, "चला, हातही गेला," म्हणाले आणि निघून गेले. पुढे आठवडाभर ते क्लबाकडे फिरकलेच नाहीत.

मी बापूरावांना विचारलं, "उजवी कड कोरडी का ठेवत होतात?"

"त्या मनगटापायी त्यांचा गोळा उजवीकडे जातो, पण फिरत जातो. कोरडी फळी त्याला धरते आणि आत वळवते. तेल मिळालं की सुटला, थेट चरात."

"म्हणजे सुभेदारांचा खेळ..."

"त्यांचाच आहे!" ते खेकसले. "बाहेर बोललास तर याद राख."

दुसऱ्या दिवशी त्यांनी सेक्रेटरींना बेधडक थाप मारली. "साहब, किनारे की लकड़ी पुरानी है. तेल पिएगी तो फूल जाएगी." साहेबांनी तत्काळ मान डोलावली, लाकडाच्या खर्चापुढे समतेचा आग्रह त्यांनी सोडून दिला. मग ती कड पुन्हा कोरडी पुसून, मला घेऊन बापूराव कंपू मोहल्ल्यात सुभेदारांच्या घरी गेले. सुभेदार मनगटाला लेप लावून ओट्यावर बसले होते. बापूराव उभ्याउभ्याच म्हणाले, "सुभेदार, तेल माझं चुकलं. भेसळीचा डबा आला आणि मला कळलं नाही."

मी थक्क झालो. तेलाबाबत चुकलो असं हा माणूस देवापुढेही म्हणाला नसता.

"तुम्हाला कळलं नाही? तुम्हाला?"

"वय झालं. बोटं पहिल्यासारखी राहिली नाहीत."

"तरीच!" सुभेदार ताडकन उठले. "आणि मी उगाच हाताला दोष देत बसलो!"

दुसऱ्या संध्याकाळी क्लब भरला होता. सुभेदारांचा पहिलाच गोळा कडेला गेला, तिथे फळीने त्याला धरलं, तो आत वळला आणि नऊच्या नऊ खुंट आडवे. सुभेदार सगळ्यांकडे वळून कडाडले, "बघा! हे तेल नासवतात आणि बदनाम होतो आमचा हात! मोघे, फडका आता दुसऱ्या कुणाला द्या. तुमच्याच्यानं होत नाही."

सगळे खो खो हसले. बापूरावांनी हात जोडले. "चुकलंच, सुभेदार. पुन्हा नाही होणार."

आणि ते खुंट उभे करायला पट्टीच्या टोकाशी गेले. मी मदतीला मागोमाग गेलो. वाकून खुंट लावताना त्यांचे डोळे भरून आले होते, आणि इतकं खूष मी त्यांना कधीच पाहिलं नव्हतं. काहीतरी बोलावंसं वाटलं.

"आत्ता काही बोलू नकोस," ते पुटपुटले. "रंगलेत ते. खेळू देत."