गळतीसाठी आलेले दोघे

सकाळी दहाच्या सुमारास पेटंट वकिलांच्या ऑफिसात दोन माणसं आली आणि दोघंही गळतीसाठीच आली होती. एक होता प्लंबर. चहाच्या खोलीतला नळ महिनाभर टिपटिप करत होता, त्याला एकदाचा मुहूर्त लागला होता. दुसरे होते शास्त्रज्ञ. प्रयोगशाळेतल्या उपकरणांसाठी त्यांनी एक थेंबही न गळणारी झडप तयार केली होती आणि तिचं पेटंट घ्यायला ते आले होते. दारापाशी बसून आल्यागेल्याची विचारपूस करणाऱ्या बाई नेमक्या आजारी पडल्या होत्या. त्यामुळे कोण कोण आहे हे ओळखायची जबाबदारी धाकटीवर आली.

घरी सगळे तिला धाकटीच म्हणत. रसायनशास्त्रात सहा वर्षं घासून तिने डॉक्टरेट मिळवली, पण तेवढ्या काळात तिला एक गोष्ट कळून चुकली होती. स्वतःचे प्रयोग करण्यापेक्षा दुसऱ्याचे प्रयोग नीट समजून घेऊन लिहिण्यात तिला जास्त गोडी होती. म्हणून ती पेटंटच्या कामाकडे वळली आणि पाच आठवड्यांपूर्वी बोचकी उचलून थेट परदेशातल्या या ऑफिसात दाखल झाली. नोकरी अजून कच्ची होती. इथली भाषा तिला पुस्तकातून चांगली येत होती, पण माणसांच्या तोंडून आली की निम्मी निसटून जायची.

संशोधकाला एकटीने भेटायची आज तिची पहिलीच वेळ. थोरल्या वकीलबाई दुपारपर्यंत कोर्टात होत्या. जाताना त्यांनी बजावलं होतं की संशोधक माणसं आधीच बुजरी असतात, त्यांना बोलतं करायचं आणि मधे तोडायचं नाही.

आता त्या दोघांपैकी एकाच्या अंगात इस्त्रीचा कोट होता, बूट चकाकत होते. दुसऱ्याचा स्वेटर कोपरावर विरला होता, बोटं काळी पडली होती आणि खांद्याला एक जड पिशवी होती. धाकटीने क्षणभरही विचार केला नाही. "गळतीसाठी आलात ना?" असं तिने कोटवाल्याला विचारलं, तो हो म्हणाला, आणि तिने त्याला अदबीने बैठकीच्या खोलीत नेलं.

कोटवाला होता प्लंबर. दुपारी त्याच्या पुतणीचं लग्न होतं, म्हणून तो आधीच नटूनथटून निघाला होता. हत्यारं खाली गाडीत ठेवली होती.

धाकटीने त्याच्यासमोर गुप्ततेचा कागद ठेवला. इथे जे सांगाल ते तुमच्या परवानगीशिवाय कोणालाही सांगणार नाही, असं त्यात लिहिलं होतं. प्लंबरला वाटलं, मोठं ऑफिस आहे, नळाचीही लाज वाटत असेल. त्याने सही केली. मग तिने वही उघडून विचारलं, "गळती का होते, याबद्दल तुमचं स्वतःचं काय मत आहे?"

तीस वर्षं तो लोकांचे नळ दुरुस्त करत होता. लोकांनी त्याला किती वेळ लागेल हे विचारलं होतं, फरशी खराब होईल का हे विचारलं होतं. त्याचं मत मात्र आजवर कोणी विचारलं नव्हतं. तो खुर्चीत सावरून बसला आणि बोलायला लागला.

लोक नळ आवळत सुटतात, तिथेच चुकतं, असं त्याचं म्हणणं. आवळून आवळून रबर मरतं. तो आत आणखी एक चकती घालायचा, तिला कडेने तिरकी चीर द्यायचा. मग पाण्याचा दाब वाढला की चकती आपोआप फुगून घट्ट बसायची. म्हणजे गळणारं पाणीच गळती थांबवायचं. धाकटीची लेखणी धावत होती. चीर किती अंशांची, रबर कुठलं, गरम पाण्यात काय होतं, एकेक प्रश्न ती विचारत गेली आणि प्लंबर खुलत गेला. मधेच घड्याळ बघून त्याने सिंक दाखवता का म्हणून विचारलं. इथल्या भाषेतला तो शब्द तिला कळलाच नाही. नमुन्याबद्दल म्हणत असतील असं समजून ती म्हणाली, ते नंतर पाहू, आधी सगळं लिहून होऊ दे.

तिकडे ऑफिसचा हिशेबनीस शास्त्रज्ञांना प्लंबर समजून चहाच्या खोलीत घेऊन गेला होता. "हा बघा," असं म्हणून, नळाकडे बोट दाखवून तो निघूनही गेला. शास्त्रज्ञांना वाटलं, पेटंटचा अर्ज करण्याआधी ही मंडळी प्रात्यक्षिक मागतात. त्यांना ते रास्तच वाटलं. त्यांनी पिशवीतून आपली लाडकी झडप काढली आणि जुना नळ खोलून तिथे बसवली. झडप होती काचेच्या नळ्यांसाठी, करंगळीएवढी. तिने चार मिनिटं तग धरला.

धाकटी चकतीची आकृती काढत असताना दाराच्या फटीतून पाणी आत आलं आणि तिच्या बुटांपर्यंत पोचलं. प्लंबरने ते पाहिलं, कोट काढून खुर्चीला अडकवला आणि चहाच्या खोलीकडे धावला. तिथे शास्त्रज्ञ दोन्ही हातांनी नळाचं तोंड दाबून उभे होते, नखशिखान्त भिजलेले. प्लंबरने ओट्याखालची चावी फिरवून पाणी बंद केलं, खिशातून एक चकती काढून आत सारली, नळ जोडला आणि चावी पुन्हा उघडली. एक थेंब गळला नाही.

तेवढ्यात वकीलबाई कोर्टातून परतल्या. घोटाभर पाण्यात उभं राहून त्यांनी एकच प्रश्न केला, "यातले संशोधक कोणते?"

धाकटीच्या तोंडचं पाणी पळालं. तिने कोटवाल्याकडे बोट केलं, तर तो म्हणाला की आपण प्लंबर. हिशेबनिसाने स्वेटरवाल्यांकडे बोट केलं, तर ते कसंबसं म्हणाले की आपण संशोधक होतो, निदान सकाळपर्यंत तरी. आता नोकरी गेली, हे धाकटीने मनाशी पक्कं केलं आणि निमूटपणे घडलं ते सगळं सांगून टाकलं. काही लपवलं नाही. वही मात्र तिने छातीशी धरून ठेवली, कारण त्यातलं दाखवायला प्लंबरची परवानगी हवी होती.

बाईंनी तिच्याकडे जरा निरखून पाहिलं आणि प्लंबरला रीतसर विचारलं. दाखवा की, तो म्हणाला. बाईंनी उभ्याउभ्याच सात पानं वाचली. मग त्यांनी प्लंबरला बसायला खुर्ची दिली आणि समजावलं, ही चकती नवीन आहे, तिचं पेटंट घेता येईल, मग ती सगळ्या जगात जाईल.

"नको," प्लंबर म्हणाला. "सगळ्या जगाचे नळ गळायचे थांबले तर मला बोलावणार कोण?"

शास्त्रज्ञ कोपऱ्यात बसून फुटकी झडप तळहातावर घेऊन पाहत होते. चुळबुळ करत ते म्हणाले, नऊ वर्षं झाली या झडपेला, तुमची ती चकती आत असती तर आज ती टिकली असती. प्लंबरने झडप हातात घेतली, उलटीसुलटी करून पाहिली. त्याला त्या भिजलेल्या माणसाची दया आली.

"ही घरच्या नळाला लागत नाही ना?"

"नाही. फक्त प्रयोगशाळेत."

"मग ह्यांच्या झडपेपुरतं लिहा. दोघांचं नाव टाका. पण नळांना हात लावायचा नाही."

वकीलबाईंनी कपाळाला हात लावला. आजवर आलेला प्रत्येक जण आपला हक्क जमेल तेवढा पसरवा म्हणून हटून बसायचा. हक्क आखडून द्या म्हणणारं हे पहिलंच गिऱ्हाईक. त्यांनी धाकटीला लिहायला सांगितलं आणि प्लंबर कोट चढवून, ओल्या बुटांनी पुतणीच्या लग्नाला पळाला.

आठवड्याने दोघे संशोधक मसुदा पाहायला आले. धाकटीने चार रात्री जागून तो लिहिला होता, बाईंनी दोनदा तपासला होता. शास्त्रज्ञांनी भराभर पानं उलटून छान आहे म्हटलं. प्लंबर मात्र ओळीवर बोट ठेवून वाचत होता. तिसऱ्या पानावर बोट थांबलं.

"घरगुती नळ वगळून, असं लिहिलंय तुम्ही."

"हो. तुम्हीच म्हणालात," धाकटी म्हणाली.

"मग शाळांचे नळ? दवाखान्यांचे? खानावळींचे?" त्याने ओळीवर टिचकी मारली. "मुली, इथून गळतंय."

धाकटीने बाईंकडे पाहिलं. बाईंनी ओळ पुन्हा वाचली, चष्मा काढला, पुसला, परत लावून आणखी एकदा वाचली. मग त्यांनी टेबलावरचं पेन उचललं आणि प्लंबरच्या हातात दिलं.