लाइन क्लिअर, देवमन मामा

देवमन मामा गाणं लावण्याआधी डावीकडे बघतात, मग उजवीकडे बघतात आणि समोर जो असेल त्याला विचारतात, "लाइन किलेर?" समोरच्यानं "किलेर" म्हटल्याशिवाय त्यांचं बोट प्लेच्या बटणावर पडत नाही. एकदा एका वरातीत समोर नेमका नवरदेव होता. तो घाबरून म्हणाला, "मले काय विचारता, सासऱ्याले विचारा." सासरे सापडेपर्यंत वरात उभी.

मामा मूर्तिजापूरचे. आधी रेल्वेत गँगमन होते, मग 'शकुंतला' नावाच्या छोट्या गाडीच्या लाइनीवर फाटकवाले. शकुंतला बंद पडली, मामा निवृत्त झाले आणि महिनाभर घरात येरझारा घालून एक दिवस लॅपटॉप, दोन चकत्यांचा कंट्रोलर आणि चार स्पीकर घेऊन आले. मामी अजून सांगते, "रिटायर झाल्यावर लोकं विहारात बसतात. आमचे टेम्पोत बसले."

डीजेचं सॉफ्टवेअर त्यांना कोणी शिकवलं नाही. त्यांनी ते रेल्वेच्या नियमांनी शिकून घेतलं. पडद्यावर दोन गाणी शेजारी शेजारी दिसतात, त्यातली एक अप आणि एक डाउन. गाणं सुरुवातीच्या खुणेवर आणून थांबवलं की "गाडी सिग्नलवर उभी हाय." दोन गाण्यांचा ठेका आपोआप जुळवणारं एक बटण असतं. त्यावर मामांनी काळी पट्टी चिकटवली आहे. "गाडीचा वेग डायवर ठरवते. बटन कोन होते?" ते हेडफोन एका कानाला लावतात, डोळे मिटतात आणि ठेका स्वतः जुळवतात. सहसा जुळतो. नाही जुळला तर "गाडी लेट हाय" म्हणतात आणि पुन्हा करतात.

आणि तो लाल दिवा. आवाज मर्यादेबाहेर गेला की पडद्यावरची हिरवी पट्टी लाल होते. बाकीचे डीजेवाले ती सतत लाल ठेवतात. मामांच्या पडद्यावर मी लाल रंग कधीच पाहिला नाही. "लाल दिसला का थांबायचं, हे मले सरकारनं शिकवलं," ते म्हणतात. "तुमी लोकं लाल दिसला का नाचता."

खरं सांगायचं तर मी मामांच्या धंद्याच्या विरोधात होते. अमरावतीत कॉलेजला असताना मी डीजेविरुद्ध पत्रक काढलं होतं. 'गोंगाट म्हणजे चळवळ नव्हे!' असं त्याचं नाव. आमच्या घरी पत्रकं वाचूनच मी अक्षरं शिकले, त्यामुळे उद्गारचिन्हांची मला कधी कमी पडली नाही. पहिली प्रत मी मामांनाच नेऊन दिली. मनात म्हटलं, नात्यापेक्षा तत्त्व मोठं.

मामांनी पेन्सिल घेतली आणि सगळं पत्रक वाचलं.

"भाचीबाई, याच्यात 'पाहिजे' अकरा खेप हाय. कोनं करायले पाहिजे, ते एक खेपबी नाही."

मग त्यांनी कपाटातून एक रजिस्टर काढलं. रूळ खराब असला की रेल्वे ड्रायव्हरला कागद देते, अमुक ठिकाणी गाडी हळू घे म्हणून. मामांनी तसं जयंतीच्या मिरवणुकीच्या रस्त्याचं रजिस्टर ठेवलं होतं. आदल्या दिवशी दारोदार फिरून त्यात लिहायचं. 'तिसरं घर, बाळंतीण. नळाजवळ, पोरीची परीक्षा. गिरणीमागे, म्हातारा, छातीचं दुखणं.' त्या त्या घरासमोर आवाजाची पट्टी किती खाली आणायची, तेही पुढे लिहिलेलं. माझ्या चार पानांत जे नव्हतं ते त्या रजिस्टरात होतं. मी पत्रक परत घेतलं. पुढच्या वर्षीपासून मिरवणुकीत मी टेम्पोवर मामांच्या शेजारी रजिस्टर धरून उभी राहू लागले.

एक नोंद मात्र कधीच बदलत नसे. 'फाटक. पूर्ण थांबा.' कारण लिहिलेलं नाही.

जयंतीची मिरवणूक शकुंतलेचे जुने रूळ ओलांडते. तिथे आलं की मामा गाणं थांबवत, डावीकडे बघत, उजवीकडे बघत. हळूहळू सगळी मिरवणूकच तसं बघायला लागली. निळे झेंडे हातात घेतलेले दोनशे लोक गवतात बुडालेल्या रुळांकडे बघतात, "किलेर!" असं ओरडतात आणि मग गाणं सुरू होतं. पाहुण्यांना हसू येतं.

यंदा जयंती समितीचा सचिव प्रफुल आदल्या दिवशी घरी आला. "मामा, फाटकावरचं थांबणं बंद करा. आपल्या मागून येनाऱ्या वॉर्डानं अकोल्याहून मोठा डीजे बोलावला. तुमी थांबले आन् लोकं तिकडं पांगले, त पुढल्या वर्षी साउंड त्यायचा."

"थांबल्याबिगर मी रूळ ओलांडत नाही," मामा म्हणाले.

"गाडी तरी येते काय, मामा?"

"म्हनूनच पाहा लागते."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी टेम्पोचं पुढचं चाक रुळावर चढलं, दणका बसला. मामांनी गाणं थांबवलं. दोनशे माना डावीकडे, दोनशे माना उजवीकडे. "किलेर!" मामांनी प्ले दाबलं.

आवाज नाही.

पडद्यावर गाणं पळत होतं. स्पीकर मुके. मागून अकोल्याच्या डीजेची धडधड जवळ येऊ लागली.

"म्हनूनच सांगून राहिलो होतो!" प्रफुल टेम्पोवर चढला. "फुल करा ना आवाज! नाही त लॅपटॉप बंद करून चालू करा!"

मामांनी उलट स्पीकरच्या आवाजाची पट्टी पार खाली आणली. "आधी गाडी थांबवायची, मंग रूळ पाहायचा. नाही त आवाज एकदम येईन आन् समोरच्याचा कान जाईन." मग मला म्हणाले, "पोरी, पाह्य. गाडी शेवटची कुठी दिसली?"

मी पडद्यावर बघितलं. गाणं पळत होतं, हिरवी पट्टी नाचत होती. "लॅपटॉपातून सुटली, मामा."

"पुढलं टेशन?"

पुढचं स्टेशन म्हणजे कंट्रोलर. त्याचे दिवे विझलेले.

"म्हंजे इथलोक आलीच नाही." मामांनी लॅपटॉपला कान लावला आणि हसले. आतून तेच गाणं डासासारखं गुणगुणत होतं. दणक्यानं मधली वायर सैल झाली होती आणि लॅपटॉप आपल्याच तोंडानं गात होता. मामांनी वायर घट्ट बसवली, दिवे लागले. तरी आवाज नाही. प्रफुलनं डोक्याला हात लावला.

"लेका, रूळ जोडला, पन गाडी अजून जुन्याच लाइनीवर हाय." मामांनी सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये आवाज कुठून बाहेर काढायचा तिथे पुन्हा कंट्रोलर निवडला. मग डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं.

"लाइन किलेर?"

"किलेर!"

मामांनी पट्टी हळूहळू वर नेली. गाणं आलं. प्रफुल सगळ्यांच्या आधी नाचला.

मिरवणूक विहारापाशी संपली. मामा वायरी गुंडाळत बसले होते. प्रफुल आला, खाली बघत म्हणाला, "पुढल्या वर्षीबी तुमीच, मामा. फाटकासकट," आणि निघून गेला.

मी वायरीचं दुसरं टोक धरलं. "मामा, आठ मिनिटांत बिघाड शोधला तुम्ही!"

"बिघाड जाऊ दे." त्यांनी हेडफोन रुमालात बांधला. "बावीस वर्षं ते फाटक लावलं म्या. गाडी दिवसाले एक जाये, एक ये. तेवढ्यातबी कोनाले दम नव्हता. कोनी हॉर्न वाजवे, कोनी मायवरून शिव्या दे. फाटक लावनाऱ्याचं तोंड कोनी पाह्यलं नाही."

गाठ नीट बसली का ते त्यांनी ओढून पाहिलं.

"आज लोकं आठ मिनिटं थांबले. एकबी मानूस हालला नाही, पोरी. एकानं शिवी नाही देल्ली."

मग ते उठले, डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं.

"चाल घरी. लाइन किलेर?"

मी आधी डावीकडे बघितलं, मग उजवीकडे बघितलं. मामा थांबून राहिले.