सोयरिकीचा हौद

सरकारकडून योजना कशी काढायची, हे आख्ख्या परतूर तालुक्यात फक्त दोन माणसांना कळतं. एक मी. दुसरा कोण, ते मला अजून सापडलेलं नाही!

आमचं खडकवाडी वाटूरपासून आत आहे. एसटी फाट्यावर सोडते, पुढं आपले पाय. गावात देऊळ आहे, शाळा आहे, भांडणं आहेत, सगळं आहे. पाणी तेवढं नाही. दिवाळी झाली की विहिरी तळ दाखवतात आणि होळीला टँकर सुरू होतो. टँकर आला की अशी झुंबड उडते, की हंड्यांना पोचे पडतात आणि नात्यांनाही.

मी सांगतोय ती गोष्ट दोन हजार दोन सालची. सरकारनं प्रादेशिक पाणीपुरवठा योजना काढली होती. धरणावरून एकच मोठी पाइपलाइन, वाटेतल्या आठ गावांना नळ. सात गावं पक्की झाली. आठवं आम्ही की आमच्या पलीकडचं गाव, हे पाहणी पथक ठरवणार होतं. हुकलं तर पुन्हा टँकर, थेट माझ्या नातवंडांच्या पिढीपर्यंत! नातवंडं तरी कुठून येणार म्हणा. बिनपाण्याच्या गावाला पोरगी देतो कोण? आमच्या शिवाजीला बघायला न कळवता आलेले सगळे पाव्हणे हौदात डोकावले आणि चहा न पिताच गेले.

मी पाणी समितीचा अध्यक्ष. प्रस्ताव मीच लिहिला. 'येथील जनावरे हिरवा चारा केवळ स्वप्नात पाहतात' हे वाक्य माझंच! ग्रामसेवकानं ते खोडलं. त्याला लिखाणातलं काही कळत नाही.

आणि मग निरोप आला की पाहणी पथक सोमवारी येतंय. त्याच संध्याकाळी मध्यस्थाचा निरोप आला की अंतरवालीकडचे आबाराव आपल्या पोरीसाठी घर बघायला येताहेत. सोमवारीच! सोबत मुलीची आत्या आहे, फार चौकस बाई आहे, जरा सांभाळून.

"अवो, आता कसं व्हायचं?" आमची गोपिकाबाई कपाळाला हात लावून बसली. "एकाला पाणी दाखवायचं अन् दुसऱ्याला दाखवायचं न्हाई!"

"तू बिलकुल काळजी करू नको," मी म्हणालो. "डोकं कशाला दिलंय देवानं?"

माझी योजना अशी. पथकाला वरच्या अंगाला, कोरड्या विहिरीवर न्यायचं. पाव्हण्यांना खालच्या आळीला, आमच्या घरी. दोघांची गाठ पडायचं कारणच नाही! आमच्याकडं रीतच आहे, कुणाच्या पोराचं घर बघायला मुलीकडचे आले की सगळ्या आळीनं त्या घरी पाणी न्यायचं. त्याप्रमाणे बायकांनी रविवारचा टँकर आमच्याच हौदात रिकामा केला. कुणी हंडा दिला, कुणी घागर. सगुणाबाईनं तर आंघोळ पुढं ढकलून बादली आणून दिली. हौद काठोकाठ! अंगणात सडा, दारात रांजण, तुळशीला पाणी. तुळस बिचारी दचकलीच असेल.

कचरूला मी फाट्यावर उभं केलं. कचरू म्हणजे माझा उजवा हात. सांगाल तेवढंच करतो, कमी नाही आणि जास्तही नाही.

"कचरू, ध्यानात ठेव. जीप अन् सफारी सूट दिसला की पथक. वर विहिरीवर आण. सोबत बाईमाणूस दिसलं की ती मुलीची आत्या. सरळ आपल्या घरी धाड."

"बराबर, आण्णा," कचरू म्हणाला.

आता तुम्हीच सांगा, यात कुठं चूक दिसते का? मलाही दिसली नव्हती!

सोमवारी सकाळी विहिरीवर सगळी तयारी झाली. रिकाम्या हंड्यांची रांग लावली. द्वारकाबाईकडं चक्कर येऊन पडायचं काम दिलं होतं. तिला बजावून ठेवलं होतं, की मी डोक्यावरची टोपी काढली की पडायचं आणि मी सांगितल्याशिवाय उठायचं नाही.

तेवढ्यात पांढरी जीप आली. सफारीतला एक माणूस उतरला, मागून धोतर-टोपीतला एक जाडजूड गृहस्थ. मी मनात म्हणालो, साहेब सफारीतला, आणि हा टोपीवाला सभापती वगैरे असणार.

"रायभानराव कोण?" टोपीवाल्यानं विचारलं.

"मीच! या साहेब, या!"

"आम्ही बघायला आलोत."

"बघा की! बिलकुल लपवायचं न्हाई आपल्याला!" आणि मी विहिरीत दगड टाकला. टण्ण! "ऐकलं? पाणी असतं तर असा वाजला असता का?"

टोपीवाल्यानं सफारीकडं बघितलं. "मंग बायामाणसं काय करतात?"

"रडतात साहेब! घागरीभर पाण्यासाठी तीन-तीन शिवारं तुडवतात. फाल्गुनात माहेरी गेलेली सून मिरगाशिवाय परत येत न्हाई. काही तर आल्याच न्हाईत!"

"अन् पोरांची लग्नं?"

इथं मला नाटक करावंच लागलं नाही. शिवाजीच डोळ्यांपुढं उभा राहिला. "कोण देतंय साहेब पोरगी? या गावात पोरगी देणं म्हंजे पोरीला विहिरीत ढकलणं. अन् विहिरीतबी पाणी न्हाई!"

टोपीवाल्यानं घाम पुसला. सरकार पाझरलं, मी ओळखलं! आता शेवटचा घाव. मी टोपी काढली. द्वारकाबाई धाडकन् पडली. अशी पडली, की पाच हंडे घरंगळत विहिरीत गेले.

"अरे अरे, पाणी आणा कुणीतरी!" सफारी ओरडला.

"कुठून आणायचं साहेब?" मी म्हणालो. काय वेळ साधली होती! मी स्वतःवरच खूश झालो.

टोपीवाल्यांनी वाकून विहिरीत बघितलं. मग म्हणाले, "रायभानराव, निदान तुमचं घर तरी दाखवता का?"

घर! आता घरी पाव्हणे असणार, हौद भरलेला असणार. पण पथक स्वतःहून म्हणतंय, तर नाही कसं म्हणायचं? मनात म्हणालो, चला, बाहेरच्या ओट्यावर बसवू, चहा देऊ, हौद काही तिथून दिसत नाही. आणि द्वारकाबाईला तशीच सोडून आम्ही निघालो.

तिकडं घरी काय चाललं होतं, ते मला नंतर कळलं. पथकाची जीप वाटूरजवळ बंद पडली. मग पथक काळी-पिवळीत बसून आलं. पथकात दोन पुरुष, आणि त्यांच्या प्रमुख होत्या सत्यशीला मॅडम. पाणीपुरवठ्याच्या उपअभियंता! बाईमाणूस दिसल्याबरोबर कचरूनं त्यांना नमस्कार घातला आणि सरळ आमच्या घरी धाडलं. अधिकारी बाई असू शकते, हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं, मग कचरूच्या कुठून येणार?

गोपिकाबाईनं मॅडमच्या पायावर दोन तांबे पाणी घातलं. हळदीकुंकू लावलं. मॅडम म्हणाल्या, "अहो, याची काही गरज नाही. मला पाण्याबद्दल विचारायचंय."

गोपिकाबाई मनात म्हणाली, आत्या चौकस आहे खरी!

"इचारा की!"

"पाणी पुरतं का तुम्हाला?"

"पुरतं? उरतं!"

"उन्हाळ्यात?"

"उन्हाळ्यात तर म्हशी डुंबून राह्यल्यात बघा!"

मॅडमनी सोबतच्या माणसाकडं बघितलं. त्यानं लिहिता लिहिता पेनाला टोपण लावलं. "पण आणता किती लांबून?"

"लांबून? हे काय, हात लांबवला की हौद! तुमची लेक हितं राणीवानी राहील."

"माझी लेक?"

"मंग! शिकली किती हो?"

"ती... पुण्याला इंजिनिअरिंगला आहे."

गोपिकाबाई चमकली. मध्यस्थ तर दहावी म्हणाला होता! पण माघार घेईल ती गोपिकाबाई कसली? "आमचा शिवाजीबी बारावीपस्तोर गेल्ता," ती म्हणाली. "परीक्षेपस्तोर."

आणि नेमका त्याच वेळी मी अंगणात शिरलो. बाहेरच्या ओट्यावर बसवणार होतो हे खरं, पण टोपीवाले थांबलेच नाहीत, सरळ आत. मी मागून ओरडत होतो, "बघा साहेब, आमच्या घरात चूळ भरायला पाणी न्हाई!"

समोर हौद काठोकाठ. ओला सडा. रांजण गळ्यापर्यंत. आणि गोपिकाबाई एका बाईची ओटी भरत होती, शेजारी पाण्यानं भरलेला तांब्या.

"तुम्ही रायभानराव?" मॅडमनी विचारलं. "प्रस्ताव तुम्हीच पाठवलात? मी उपअभियंता. पाहणीला आले आहे."

मी टोपीवाल्याकडं वळलो. "मंग तुम्ही कोण?"

"आम्ही मुलीकडचे. मी आबाराव. हे पोरीचे मामा. आत्याला ताप आल्ता, म्हणून ती आली न्हाई."

काय सांगू तुम्हाला! जमीन दुभंगून मला पोटात घेईल तर बरं, असं वाटलं. ज्याला दुष्काळ दाखवायचा, त्यानं गंगा बघितली. ज्याला गंगा दाखवायची, त्याला मी स्वतःच्या तोंडानं सांगून बसलो, की पोरगी देऊ नका! योजना गेली. सोयरीक गेली. गोपिकाबाई माझ्याकडं अशा नजरेनं बघत होती, की अध्यक्षपदापेक्षा जिवाची चिंता वाटायला लागली.

"इथं तर पाणी भरपूर दिसतंय," मॅडम उठत म्हणाल्या.

आणि तेवढ्यात आसराबाई आली. आमच्या शेजारची म्हातारी, कान मंद, आवाज ठणठणीत. काखेत रिकामा हंडा.

"गोपिके, झालं का गं बघणं? माझं पाणी दे जल्दी. शेरडं तहानेनं वरडून राह्यलीत."

कुणाची परवानगी न घेता तिनं हौदात हंडा बुडवला, भरला, आणि उचलला. मागून सगुणाबाई आली, बादली घेऊन. "माझीबी आंघोळ राह्यलीय गं." तिच्यामागं आणखी बायका. पाव्हणी उठून उभी राहिली की बघणं झालं, असा त्यांचा हिशेब. जिनं घागर दिली तिनं घागर नेली. कुणी जास्त घेतलं नाही, कुणी भांडलं नाही. टँकरवर एकमेकींच्या झिंज्या उपटणाऱ्या ह्याच बायका! बघता बघता हौदाचा तळ दिसायला लागला. एक जण परत आली आणि म्हणाली, "वैनी, सड्याचं ऱ्हाऊ द्या. ते माझ्याकडून."

मॅडम आसराबाईच्या कानाशी गेल्या. "आजी, हे पाणी कुणाचं?"

"कुणाचं म्हंजे? आमचं! पोराची सोयरीक जुळून राह्यली, म्हणून उसनं दिलं. तुमच्यात कणीक देत न्हाईत का उसनी?"

आसराबाईच्या डोईवर हंडा चढवायला मॅडमनी स्वतः हात दिला. मग सगळं गाव हिंडून बघितलं. घराघरांतले रांजण बघितले, वरची विहीर बघितली. द्वारकाबाई तिथं अजून पडलेलीच होती! तिला ऊठ म्हणायचं माझ्या लक्षातच राहिलं नव्हतं. मला बघून ती डोळे मिटूनच पुटपुटली, "आण्णा, पाठ भाजून राह्यली हो!"

निघताना मॅडमनी मला बाजूला घेतलं. "रायभानराव, कोरडी विहीर कुणीही दाखवतं. पलीकडचं गावही दाखवेल. पण नळ आल्यावर भांडून योजना बंद पाडलेली गावं मी ढिगानं बघितलीत. तुमच्या बायका टँकरचं पाणी दुसऱ्याच्या पोरासाठी देतात आणि जेवढं दिलं तेवढंच परत नेतात. इथं योजना चालेल. मी तसं लिहिणार."

मला रडू आलं. कशाला लपवू? चारचौघांत आलं!

आता राहिले आबाराव. ते ओट्यावर मांडी घालून बसले होते आणि पोट धरधरून हसत होते. "अवो रायभानराव, गेल्या साली आमच्या पोराच्या सोयरिकीला मीबी असाच हौद भरला होता! आमच्याकडंबी टँकरच की. पण व्याही होण्याआधीच खरं बोलणारा माणूस मला पहिल्यांदा भेटला."

"ते आपल्या रक्तातच आहे," मी म्हणालो. गोपिकाबाई खोकली.

फक्त एक अट त्यांनी घातली. नळाला पाणी आलं की तिथी काढायची. मग काय विचारता! पाइपलाइनचं काम सुरू झालं आणि शिवाजी कुदळ घेऊन सगळ्यांच्या पुढं. जो पोरगा अंथरुणातून उठत नव्हता, त्यानं गावाच्या हद्दीपर्यंत चर खणला. ठेकेदार म्हणाला, असा मजूर आम्हाला पगार देऊनही मिळत नाही.

आणि पाणी आलं! आधी नळातून नुसती हवा आली, मग गढूळ चिळकांडी, मग धार. आसराबाईनं पहिला हंडा भरला आणि खाली न ठेवता तसाच डोक्यावरून ओतून घेतला. सगळं गाव भिजलं. वाजंत्री लग्नासाठी आधीच ठरवून ठेवली होती, ती त्याच दिवशी वाजली, आणि पुन्हा शिवाजीच्या लग्नात. पलीकडच्या गावालाही पुढच्या टप्प्यात नळ मिळाला, आणि तिथले लोक प्रस्ताव लिहायला माझ्याचकडं आले होते, बरं का!

मॅडमच्या अहवालात शेवटी एक सूचना होती, ती सांगायची राहिली. 'पाणी समितीच्या अध्यक्षपदी महिलेची निवड करावी. श्रीमती गोपिकाबाई या योग्य वाटतात.' ग्रामसभेत ठराव एकमतानं मंजूर झाला. माझं मत धरून.

आमच्या अध्यक्षबाई फार कडक आहेत. नळ वाहता ठेवला म्हणून गावात पहिला दंड झाला तो मला. रोज सकाळी बादली एकच मिळते. आंघोळीला दुसरी मिळावी म्हणून मी रीतसर अर्ज केलेला आहे, कारणांसहित, सुवाच्य अक्षरात.

मंजुरी अजून यायचीय!