बंडीही चालेल

आमच्या शेजारचे गुलाबराव राऊत दर रविवारी सकाळी आमच्याकडे येतात, माझा पेपर उघडतात आणि माझं शब्दकोडं माझ्याच पेननं सोडवतात. त्यांच्या घरी पेपर येतो. तोच पेपर, तोच पेपरवाला टाकतो, आणि आमच्याआधी त्यांच्या दारात टाकतो. तरी त्यांना माझाच लागतो. हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढे कोणी म्हणायला नको की ही बाई उगाच चिडते.

मी मूळची नाशिकची. लग्न करून आर्वीला आले आणि इथल्या शाळेत मराठी शिकवते. आठवडाभर पोरांचे ऱ्हस्व-दीर्घ सुधारून झाले की रविवारचं कोडं ही माझी एकुलती एक चैन. हे साधं कोडं नव्हे. साध्या कोड्यात 'कमळ' विचारतात आणि 'पंकज' लिहून मोकळं होता येतं. यातल्या प्रत्येक ओळीत अर्धा अर्थ असतो आणि अर्धा अक्षरांचा खेळ. 'नदी उलटी वाहिली की गरीब होते' अशी ओळ असली तर नदीची अक्षरं उलटी करायची. 'दीन' मिळतं, आणि दीन म्हणजे गरीब. शिवाय दर रविवारी सगळ्या कोड्याला मिळून एक विषय ठरलेला. अशी एखादी ओळ सुटली की माणसाला जो आनंद होतो, तो मला हवा असतो. तो गुलाबरावकाका घेऊन जातात.

बरं, सोडवलं ते सोडवलं. सोडवून झाल्यावर ते मला समजावतात.

"मॅडम, सांगा बरं, 'कविमानसात दडलंय, उडायला तयार.' तीन अक्षरं."

"पाखरू," मी पोळ्या लाटता लाटता म्हणते. मुद्दाम काहीतरी म्हणते, म्हणजे लवकर संपेल.

"चूक! साफ चूक!" काका इतक्या जोरात ओरडतात की ओट्यावरची मांजर उठून जाते. "अर्थाच्या मांगं काऊन धावता? अक्षर पाहा, अक्षर! क-विमान-सात. मधातच बसून आहे विमान!"

हे विमान मला दिसलं नसतं का? मराठीत एम.ए. केलंय मी. पण पेपर हातात आला तर दिसेल ना.

बाजारात त्यांचं कापडाचं दुकान होतं. आता ती जागा मोबाइलवाल्याला दिली आहे. जुने लोक सांगतात, राऊतांच्या दुकानातून 'साफ चूक' ऐकल्याशिवाय कापड फाडलं जात नसे. गिऱ्हाइकानं पोपटी ब्लाउजपीस पसंत केला की आतून 'साफ चूक' यायचं, आणि थान परत गुंडाळलं जायचं. तरी दुकान चालायचं म्हणे. आर्वीची माणसं सोशिक आहेत.

माझा नवरा मंगेश तर फारच सोशिक. काकांची चप्पल वाजली की तो दूध आणायला जातो आणि जेवायच्या वेळेला उगवतो. मी एकदा त्याला म्हटलं, तू सांग ना त्यांना. तर म्हणतो, "जाऊ दे ना, म्हातारा माणूस आहे." म्हातारपण आलं म्हणून दुसऱ्याच्या कोड्यात हात घालायची सूट मिळते का?

सगळ्यात जास्त संताप यायचा तो समजावणं संपल्यावर. सगळी ओळ सांगून झाली, मी 'हो, कळलं' म्हटलं, तरी काका हलायचे नाहीत. "हेच आता लहान लेकराले सांगाचं असन, त कसं सांगान तुमी? शब्द नाई सांगाचा. नुसता इशारा." मग मी इशारा सांगायचा. तो त्यांना अवघड वाटायचा. "अजून सोपा करा." मी अजून सोपा करायची. पोळी तव्यावर करपायची. मला वाटायचं, मास्तरीण म्हणून माझी परीक्षा घेतात.

आणि घरी बायको एकटी. सुमनकाकूंना आम्ही इथे राहायला यायच्या आधीच लकवा मारला. उजवा हात गेला आणि वाचा गेली. मी त्यांना पाहिलंय ते ओसरीत खाटेवर बसलेलंच. डोळे मात्र तल्लख. अशा बाईजवळ दोन घटका बसायचं सोडून हा माणूस आमच्या स्वयंपाकघरात आरडाओरडा करतो, हे मला कधीच पटलं नाही. मंगेशजवळ मी ते बोललेही होते.

तर मध्ये एका रविवारी कोड्याचा विषय होता प्रवास. विमान त्यातलंच. होडी, पालखी, आगगाडी सगळं आलं. शेवटी एक ओळ राहिली. 'अर्धं गाव, अर्धी वाडी. बैल जुंपले की निघते पुढं.' दोन अक्षरं. दुसऱ्या घरात होडीची 'डी' आधीच उतरलेली. पहिल्या घराला आडवं-उभं कोणी शिवत नव्हतं. काकांनी मान तिरकी केली, ओठ हलवले आणि लिहिलं, 'गाडी.' गावातला 'गा', वाडीतली 'डी'. बैल जुंपले की गाडी निघते. इतकी सुंदर ओळ, आणि तीही त्यांनीच खाल्ली. नेहमीसारखा इशारा विचारून घेतला आणि गेले.

सोमवारी पेपरात उत्तरं आणि त्यांचं स्पष्टीकरण येतं. सोमवारी काका कधी येत नाहीत. त्या सोमवारी आले, तेही पायांत चप्पल नसताना. मी शाळेच्या गडबडीत. त्यांनी टेबलावरचा माझा पेपर उचलला, उत्तरांवर बोट आपटलं.

"पाहा! गाडी छापलं! गाडी!"

"मग? तुम्हीही तेच लिहिलंत ना काल?"

"चूक! साफ चूक! बंडी पायजे तिथं."

मला हसू आलं. माझे आजोबा सदऱ्यावर बंडी घालायचे, तिला आत खिसा असायचा. म्हटलं, "काका, बंडी अंगात घालतात. तिला बैल कशाला जुंपायचे?"

"तुमच्या तिकडं घालत असान अंगात! इकडं बंडीले बैलच जुंपते. कापूस बंडीत येत होता आधी. माणसं बंडीनं जात. कोड्यावाल्यानं इकडं येऊन पाहाव न एकदा!"

"बरं, असेल. पण अक्षरं? 'डी' वाडीची. 'बं' कुठून आणला?"

काकांनी पेपर डोळ्यांजवळ धरला. मग म्हणाले, "अर्धं गाव म्हणते तो. कोणतं गाव, हे कुठं सांगतलं? बंगलोर नाई का गाव?"

"बंगलोरचं अर्धं 'बंग' होतं. आणि ते शहर आहे."

"मांगं गावच होतं ते!"

आता माझं डोकं फिरलं. इतके रविवार साठलेले होते. पोळीचा हात पुसून मी त्यांच्यासमोर उभी राहिले आणि म्हणाले, "काका, अर्थाच्या मागं काऊन धावता? अक्षर पाहा, अक्षर!" 'काऊन'सुद्धा अगदी त्यांच्यासारखं म्हटलं.

ते गप्प झाले. गुलाबराव राऊत गप्प झालेले मी पहिल्यांदा पाहत होते, आणि खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटलं.

मग ते हळूच म्हणाले, "मॅडम, पेपरवाल्यायले एक मेल करता काय? 'बंडीही चालेल' इतकंच छापा म्हणा. कोपऱ्यात छापा, बारीक अक्षरात छापा."

"अजिबात नाही. मराठीची शिक्षिका आहे मी. चुकीचं उत्तर बरोबर आहे म्हणून कळवू? नाव घालून?"

काकांनी मान हलवली आणि निघाले. माझा पेपर सदऱ्याच्या आत खुपसून निघाले. रविवारचा घेतात तो घेतात, आता सोमवारचाही! मी खिडकीतून हाक मारली, ते थांबले नाहीत. तेव्हा मी गॅस बंद केला आणि तरातरा त्यांच्या मागे गेले. आज या माणसाला त्याच्या बायकोदेखत चार शब्द सुनवायचेच, असं ठरवून गेले.

फाटकाजवळच पहिली गोष्ट दिसली. त्यांचा स्वतःचा पेपर तुळशीच्या कुंडीमागे कोंबलेला होता. मी तो ओढून काढला. तेवढ्यात ओसरीतून काकांचा आवाज आला. हा आवाज मी कधी ऐकला नव्हता. त्यात ओरडणं नव्हतं.

"नाई आला न आज पेपर. त्याची सायकल पंचर झाली म्हंते. उद्या पाहू, हं."

मी पायरीशी गेले. काकू खाटेवर बसल्या होत्या. मांडीवर कालचा पेपर. कोड्याची घरं डाव्या हातानं भरलेली, अक्षरं वाकडीतिकडी, पण भरलेली. शेवटच्या ओळीपुढे 'बंडी'. इतकं मोठं लिहिलेलं की घराबाहेर आलेलं.

मला पाहून काका धावत आले आणि मला फाटकाशी घेऊन गेले. "तो पेपर लपवा, मॅडम. पाया पडतो. तुमचाही तिच्या हाती लागू नाई म्हणूनच उचलला."

"काय चाललंय हे?"

त्यांनी ओसरीकडे पाठ केली. "कोडी तिची आहेत. मले कुठं येत होती? दुकानात गल्ल्यावर बसून सोडवाची, अन मले शिकवाची. मी चुकलो का ओरडाची, गिऱ्हाइकं असो का कोणी असो. लकवा झाला अन आवाजच गेला. डॉक्टर म्हणे, बोलाले लावत राहा तिले. मंग मी तुमच्या इथं सोडवून येतो, अन घरी येऊन ठोंब्यावानी बसतो. म्हंतो, मले त काईच जमून नाई राह्यलं बाप्पा, तू सांग. तिले राग आला पायजे, मॅडम. राग आला त बोलन न ती."

मी त्यांच्या खांद्यावरून ओसरीकडे पाहिलं.

"काल बोलली," काका म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते. "मी इशारा दिला, तुमीच सांगतलेला, 'बैल हाकत कोठंतरी जाते.' अन तोंडातून आलं तिच्या, बंडी. सहा महिन्यांत नाई, वर्षात नाई, तो पह्यला शब्द आला. तिचा बाप तिले समुद्रपुराहून गिरडच्या दर्ग्यावर बंडीनंच नेत होता. मी म्हणलं, बरोबर! लिही! आता सोमवारी उत्तरं तपासल्याशिवाय ती पाणी नाई पेत. अन इथं छापलं गाडी. पह्यला शब्द काढला अन तोच चूक निंघाला, त पुन्हा तोंड उघडन काय ती?"

ओसरीत खाटेवर थापट वाजली. काकूंनी पाहिलं होतं. माझ्या हातातला पेपर त्यांना दिसला होता, आणि डावा हात पुढे झाला होता. काका मला मानेनं नको नको करत होते. पण त्या डोळ्यांसमोर पेपर पाठीमागे घ्यायचा म्हणजे त्या बाईला ठार वेडी समजायचं. मी ओसरीत जाऊन पेपर दिला.

काकूंनी पानं उलटली. बोट एकेका उत्तरावरून खाली आलं. विमान. पालखी. होडी. मग थांबलं. गाडी.

काका घाईघाईनं बोलायला लागले. "अगं, ते छपाईची गडबड असन, मॅडम आता मेल करून राह्यल्या, उद्याच्याले सुधारून..."

काकूंनी हात वर केला. ते थांबले. काकूंनी पेन घेतलं आणि 'गाडी'वर अशी काट मारली की कागद फाटला. चेहरा लाल झाला. ओठ थरथरले, गळ्याच्या शिरा ताणल्या.

"चू... चूक."

काटलेल्या शब्दावर त्यांनी पेन पुन्हा आपटलं.

"साफ. चूक."

काका मटकन खाटेच्या कडेला बसले. सगळी गल्ली ज्यांच्या आवाजानं उठते, त्या माणसाचा आवाज एवढासा झाला. म्हणाले, "हो नं वं. सकाळपासून मी मॅडमले तेच सांगून राह्यलो."

मेल मी शाळेतून, मधल्या सुट्टीतच केला, नाव घालून. पेपरवाल्यांनी अजून काही छापलेलं नाही. दोनदा आठवण केली, आता तिसऱ्यांदा करीन, आणि या वेळी भाषा सांभाळून लिहिणार नाही.

काका अजून रविवारी येतात. पेपर आता मी आधीच उघडून ठेवते. पेन मात्र देत नाही, पेन्सिल देते, आणि एक ओळ तरी माझ्यासाठी सोडायची, असं बजावते. सोडत नाहीत. मी उत्तर देते, ते "चूक!" म्हणून ओरडतात, मांजर उठून जाते, आणि मी पोळी तव्यावर तशीच ठेवून भिंतीपलीकडून काही येतं का ते ऐकत राहते.