घोंगडी वाळेपर्यंत

पहाटे साडेपाचला वाल्मिकरावांनी खुंटीकडे हात नेला, तर खुंटी रिकामी. घोंगडी अंगणात दोरीवर होती आणि तिच्यातून पाणी ठिबकत होतं.

"आगं, ही कुणी धुतली?"

"मीच की. परवा करणकडं जायाचं न्हाई का? मेंढराचा वास घिऊन पुण्याला जाऊ व्हय?" बायको, सत्यशीलाबाई, आतूनच म्हणाल्या.

वाल्मिकराव मटकन ओट्यावर बसले. तीस वर्षं एसटीत कंडक्टरकी करून निवृत्त झालेला हा माणूस. देवधर्म बेताचा, व्यसन सुपारीचंही नाही, पण एक वेड होतं. एकदा डोळे भरून माळढोक पक्षी बघायचा. नोकरीच्या दुसऱ्याच वर्षी काष्टीजवळ गाडीत "माळढोक! माळढोक!" असा गलका झाला आणि सगळी गाडी खिडक्यांकडे धावली. वाल्मिकराव तेवढे मान खाली घालून शेवटच्या बाकावरच्या म्हातारीचं तिकीट फाडत होते. मान वर केली तेव्हा बाहेर नुसता माळ होता. तेव्हा माळढोक निदान दिसायचे तरी. आता बाहेरगावचे हौशी लोक भलेमोठे कॅमेरे घेऊन येत आणि काळविटाचे फोटो काढून परत जात.

त्यात चार दिवसांपूर्वी मेंढ्या राखणाऱ्या भिमाजीनं सांगितलं होतं, "तात्या, बोरीच्या जाळीपल्याड लई थोरलं पाखरू हिंडतंय. कमरंएवढं हाय." तेव्हापासून वाल्मिकराव रोज पहाटे माळावर जात आणि घोंगडी पांघरून धोंड्यासारखे बसून राहत. परवा मुलाकडे, करणकडे, कायमचं जायचं ठरलेलं. म्हणजे उरली आजची सकाळ आणि फार तर उद्याची.

घोंगडीवाचून बसणं शक्य नव्हतं. थंडी होतीच, शिवाय त्या पाखराची नजर भारी तिखट. इकडेतिकडे बघताना त्यांना सुनेनं, धनश्रीनं, दिवाळीला पाठवलेलं ब्लँकेट दिसलं. मऊ, उबदार, पिवळंधमक. माळावरचं गवतही पिवळं पडलेलं. रंगाला रंग अगदी जुळला. ब्लँकेटवर काळे ठिपके होते आणि गवतावर ते नसतात, एवढी गोष्ट तेवढी त्यांच्या ध्यानात आली नाही.

आठ वाजता भिमाजी मेंढ्या घेऊन बांधावर आला. मागच्या महिन्यात बिबट्यानं त्याची दोन कोकरं उचलली होती, त्यामुळे तो आधीच धास्तावलेला. तेवढ्यात गवतातले ठिपके हलले. वाल्मिकराव मोज्यांतली कुसळं काढत होते. भिमाजीनं मेंढ्या तिथंच टाकल्या आणि पळतापळताच मोबाईल काढला.

अर्ध्या तासात निम्मं गाव बांधावर जमलं. कुणी ताटं बडवायला घेतली, कुणी दिवाळीतले उरलेले फटाके आणले. कुणीतरी लांबून व्हिडिओ काढून तीन ग्रुपवर टाकला. तालुक्याहून वनखात्याचा टेम्पो पिंजरा घेऊन निघाला.

इकडे वाल्मिकरावांचा जीव तळमळत होता. या गोंगाटानं पाखरू उडून जाणार! ओरडावं तर आणखी बिथरेल. म्हणून त्यांनी ब्लँकेटचं एक टोक वर करून 'गप बसा' अशी खूण केली.

"शेपटी हालवतोय! चिडलाय!" बांधावरून ओरड झाली. "बिबट्या गवतातच हाय!"

'बिबट्या' हा शब्द ऐकताच वाल्मिकराव गवतात आणखी खाली वाकले. गवतात तर आपणही आहोत! बिबट्या मागं असेल की पुढं? उभं राहिलं तर झडप घालेल. म्हणून ते ब्लँकेट घट्ट गुंडाळून गुडघ्यांवर रांगत माणसांच्या दिशेनं निघाले. माणसांनी ठिपके आपल्याकडे येताना पाहिले आणि धूम ठोकली. ज्ञानेश्वर सरपंच सगळ्यांत पुढं होते. पुढारीपण म्हणजे काय, ते त्या दिवशी गावाला दिसलं.

त्याच वेळी सत्यशीलाबाई डबा घेऊन आल्या. पळणाऱ्या लोकांनी त्यांना अडवलं. त्यांनी कपाळावर हात धरून नीट निरखून पाहिलं.

"सोडा मला! त्ये ब्लँकेट माझं हाय!"

"आवो मावशी, ब्लँकेट न्हाई, जनावर हाय!"

"जनावराच्या कडंला सुनंनं शिवलेली पट्टी आसती व्हय?"

बाई तरातरा गवतात शिरल्या, वाकल्या आणि बिबट्याचं कातडं एका हिसक्यात ओढलं. आतून निवृत्त कंडक्टर निघाला.

"नवं कोरं ब्लँकेट! कुसळांनी भरलं की वो!"

"हळू बोल," वाल्मिकराव कुजबुजले. "बिबट्या हाय हितं कुठंतरी."

गाव पोट धरून हसलं. पण टेम्पोतून उतरलेल्या वनरक्षक मोनिकाताई हसल्या नाहीत. "काका, पिंजरा आणलाय. वर काय सांगू मी? लेखी जबाब द्या."

वाल्मिकरावांनी लांबचा चष्मा खिशात ठेवला, जवळचा चढवला आणि टेम्पोच्या बॉनेटवर मान वाकवून लिहिलं, 'मी बिबट्या नाही.' सही करणार तोच कुणीतरी उरलेली लड पेटवली. फटाके तडतडले आणि बोरीच्या जाळीमागून भलेमोठे पंख पसरून एक पाखरू उठलं. सावकाश, जड पंखांनी ते सगळ्यांच्या डोक्यावरून गेलं.

गावानं आ वासला. वाल्मिकरावांनी मान वर केली. जवळच्या चष्म्यातून आभाळ नुसतं धुरकट दिसलं. चष्मा बदलेपर्यंत तेही रिकामं झालं होतं.

मोनिकाताईंचे डोळे भरून आले. "काका, माळढोक! नोकरीत पहिल्यांदा बघितला. नोंदीत साक्षीदार म्हणून तुमचंच नाव घालते. हक्क तुमचाच आहे."

"नगं, ताई," वाल्मिकराव म्हणाले. "गाडीत बसल्याबिगर तिकीट न्हाई. आमी तसं कधी केलं न्हाई."

दोघं घरच्या वाटेला लागले. वाल्मिकरावांना राहवलं नाही.

"कसा हुता गं?"

"मोठा हुता."

"मान पांढरी?"

"व्हय."

"डोक्यावर काळी टोपी?"

"व्हय की."

"आन पाय? पाय कसल्या रंगाचं?"

सत्यशीलाबाई थांबल्या. डबा या हातातून त्या हातात घेतला. "खरं सांगू? म्या न्हाई बघितला."

"सगळ्या गावानं बघितला की!"

"गाव वर बघत हुतं. मी तुमच्याकडं बघत हुते. म्हनलं, इतकी वर्सं ज्याची वाट बघितली, त्ये दिसल्यावर ह्यांचं त्वांड कसं हुतंय, त्ये तरी बघावं."

तीस वर्षं वाल्मिकरावांनी माणसं नेली-आणली, पण आपल्याकडे असं कुणी बघत असेल हे त्यांच्या कधी मनातही आलं नव्हतं. त्यांनी बायकोच्या हातातला डबा काढून घेतला.

संध्याकाळी सत्यशीलाबाईंनी स्वतःच करणला फोन लावला. "परवा जमायचं न्हाई रं. घोंगडी वली हाय. वाळली की येतो."

दुसऱ्या दिवशी पहाटे बोरीच्या जाळीजवळ एका मळक्या गोधडीत दोन धोंडे बसले होते. दुपारी घरी येऊन बघतात तर कार्तिकाच्या उन्हात घोंगडी कडकडीत वाळलेली.

सत्यशीलाबाईंनी ती दोरीवरून काढली आणि पुन्हा बादलीत भिजत घातली.