आप्पांचा पाहुणा

९ जुलै, रविवार. सकाळी तूरडाळ निवडत बसले होते, तेवढ्यात वरच्या खोलीतले आप्पा जिन्यातूनच म्हणाले, "ताई, आज पाहुणा हाय. एक ताट वाढवा."

पाहुणा कोण, तर गेले चार महिने आप्पांना फोनवर रोज शिव्या लिहिणारा नांदेडचा माणूस.

मी लातुरात क्लासच्या पोरांची खानावळ चालवते. आप्पा माझे भाडेकरू, निवृत्त शिक्षक. फेसबुकवरच्या एका धर्मचर्चेच्या गटात ते आहेत. गट निघाला होता ग्रंथांवर बोलायला. आता तिथे कोणाला देशाबाहेर हाकलायचं एवढंच चालतं. एकमेकांना खाऊ की गिळू करणारे ज्यूंचं नाव निघालं की एका सुरात बोलतात. लातुरात शोधून एक ज्यू सापडायचा नाही, पण राग भरपूर.

अशा प्रत्येकाला आप्पा फोनवरच पत्र लिहितात. सप्रेम नमस्कार, विनंती विशेष. मग ठरलेला प्रश्न : 'आपण त्यांना कधी भेटलात का?' शेवटी घरचा पत्ता आणि 'जेवायला यावे. भाकरी गरम मिळेल.' भाकरी माझी. मला कोणी विचारलं नव्हतं.

एकदा चिडून म्हटलं, जगातल्या समस्त ज्यूंचं वकीलपत्र तुम्हालाच कोणी दिलं? तेव्हा कळलं. त्र्याण्णवच्या भूकंपात आप्पांचं गाव बसलं. बायको आणि मुलगी गेली. हे पेपर तपासायला लातुरात होते म्हणून वाचले. मदतीच्या कपड्यांत एक लहान स्वेटर आला, त्याच्या खिशात परदेशातल्या एका ज्यू बाईची चिठ्ठी. आप्पांनी आभार कळवले, स्वेटर घालायला मुलगी उरली नाही हेही कळवलं. ती बाई पुढे मरेपर्यंत दर वर्षी पत्र पाठवायची, मुलीचं नाव घालून.

"इथं माझ्या पोरीचं नाव कोनी काढत न्हाई, ताई," आप्पा म्हणाले आणि चष्मा पुसत बसले.

तर रविवारी मी वरण, शेंगाची चटणी आणि शेवयांची खीर केली. आप्पा इस्त्रीचा सदरा घालून दारात खुर्ची टाकून बसले. रिक्षा थांबली की उठायचे. पोरं जेवून गेली. तीन वाजले.

मग आप्पांचा फोन वाजला. पाहुण्याने आप्पांचा पत्ता गटात टाकला होता : ज्यूंच्या दलालाकडे फुकट जेवण, सगळ्यांनी जा. खाली हसऱ्या तोंडांची रांग. आप्पांचं 'सप्रेम नमस्कार' लिहून होईपर्यंत गट चालवणाऱ्याने आप्पांनाच काढून टाकलं, शांतता राखायची म्हणून.

मी म्हटलं, बरं झालं, सुटलात. आता दुपारचं झोपा जरा.

"चांगल्या मान्साला लिहिलं तर अंगठा पाठवतो," आप्पा म्हणाले. "ह्यो निदान उत्तर तरी देत होता." अर्धी भाकरी खाऊन ते वर गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी डबे भरून झाल्यावर मी माझ्या फोनवरून त्या गटात शिरले. लगेच घेतलं, तिथे कोणालाही घेतात. त्या माणसाला शोधून लिहिलं : 'आप्पा तीन वाजेपर्यंत दारात बसले होते. खीर मी टाकून दिली. त्यांच्या मुलीचं नाव सुमन होतं.'