लिंबाचं ग्रहण

"अवो, नावं पुरी लिवा. आठ दिसानं तुमालेच समजनार नाही!"

सत्यभामाबाईंचे हे सांगणे अर्जुनराव मास्तरांना आठवले, तेव्हा आठ नव्हे, दहा दिवस उलटले होते. त्या वेळी ते हसून म्हणाले होते, "मीच लिवलं, मले नाही समजन त कोनाले?"

आता वहीचे ते पान त्यांच्या पुढ्यात होते. पानावर एकच ओळ: ब २, ल ५, च ७.

टेबलावर सूर्यग्रहणाचा देखावा मांडलेला. रहेमतुल्ला मिस्त्रींनी करून दिलेल्या तीन काठ्या, प्रत्येकीला खालून वर दहा भोके. सूर्य म्हणून काचेचा दिवा, चंद्र म्हणून लिंबू, पृथ्वी म्हणून पोरांचा चेंडू. कोण कितव्या भोकात बसवायचे, हे जुळवायला मास्तरांना तीन दिवस लागले होते. काल घर सारवायचे म्हणून सगळे सुटे केले, आणि आज हेडमास्तर उकंडराव पाहायला आले. त्यांना पटले तर देखावा दुपारच्या मोटारीने मेहकरच्या प्रदर्शनाला जाणार होता. वर्गातल्या पोरांना तर मास्तरांनी 'आपला नंबर लागला' असे सांगूनही टाकले होते.

"सोपं आहे," मास्तर म्हणाले. "ब म्हंजे बॉल. ल म्हंजे लालटेन. च म्हंजे चंद्र."

खिडक्या लावल्या, दिवा पेटवला. चंद्राची सावली पृथ्वीच्या डोक्यावरून गेली आणि मागे उभ्या उकंडरावांच्या टोपीवर बसली.

"अर्जुनराव, ग्रहन माह्या टोपीले लागून राह्यलं."

"जरा बाजूले सरा, सर."

"मी सरलो त भितीले लागन. पृथ्वीले कवा लागनार?"

मास्तर नजरेने जुळवू गेले. काच तापली होती. बोट भाजले, हात झटकला, आणि चंद्र घरंगळत बाजेखाली गेला. तो घेऊन ते स्वयंपाकघराच्या दाराशी आले.

"अवं, हे ल म्हंजे काय? तूच त होती जवळ."

सत्यभामाबाई माळ ओढत होत्या. श्रावणी सोमवार, दिवेलागणीपर्यंत त्यांचे मौन असे. त्यांनी डोळे मिचकावून तोंड आंबट केले.

"औषध?"

त्यांनी मान हलवली आणि फळीवरच्या बरणीकडे बोट दाखवले.

"लोनचं!" मास्तर ओरडले.

"ग्रहनात लोनचं कायचं, हो?" बाहेरून उकंडराव.

बाईंनी नवऱ्याच्या हातातल्या लिंबावर बोट ठेवले. मास्तरांना वाटले, हे कापून लोणच्यात घाल म्हणतेय.

"एकच शब्द बोल! महादेव काही रागावनार नाही."

बाईंनी डोळे मिटून घेतले.

"बरं, बोलू नको. पन तुह्या हातानं हे जुळलं, त पुढच्या सोमवारी मी बी मौन धरतो!"

"तुमी?" उकंडराव खदखदून हसले. "शाळा भरली हे घंटीनं नाही, तुमच्या आवाजानं समजते गावाले!"

सत्यभामाबाई उठल्या. हात धुऊन आल्या. बत्ती दुसऱ्या भोकात, लिंबू पाचव्यात, चेंडू सातव्यात. दहा दिवसांपूर्वी जुळवताना मास्तर 'सूर्य दे, चंद्र दे' म्हणत होते. त्या मात्र 'घ्या बत्ती, घ्या लिंबू' म्हणत हातात देत होत्या, आणि मास्तरांनी त्यांच्याच तोंडचे पहिले अक्षर टिपले होते.

चेंडूवर काळी, गोल सावली बसली, बाळाच्या गालावरच्या तिटीसारखी.

"वहिनी, थोडं पानी द्या," उकंडराव घाम पुसत म्हणाले.

बाई तांब्या घेऊन आल्या, पण द्यायला तयार होईनात. त्यांनी चेंडूकडे बोट केले. ही खूण मास्तरांना पहिल्या झटक्यात कळली.

"ग्रहन चालू आहे म्हनते. सुटल्याबिगर पानी नाही."

"वहिनी, हे लिंबाचं ग्रहन आहे!"

बाई हलल्या नाहीत. मास्तरांनी फुंकर मारून सूर्य विझवला. तेव्हा कुठे तांब्या पुढे आला. त्यात तुळशीचे पान तरंगत होते.

उकंडरावांनी घोट घेतला, पान निरखले आणि म्हणाले, "बांधा सामान. वहिनीले खरं वाटलं, त मेहकरवाल्याइले बी वाटन."

पुढच्या सोमवारी मास्तर लवकर उठले. आंघोळ केली, महादेवाला बेल वाहिला. पोरांना कळावे म्हणून पाटी घेतली आणि लिहिले: 'मौ. सा. प.'

सत्यभामाबाईंनी पाटीकडे पाहिले. मग मास्तरांकडे पाहिले. त्यांचेही मौनच होते. त्यांनी पेन्सिल उचलून नुसती पुढे सरकवली.

मास्तरांनी बाहीने पाटी पुसली. सावकाश, वळणदार अक्षरात लिहिले: 'आज माझे मौन आहे. सायंकाळपर्यंत.' मग पाटी छातीशी धरून, एक अक्षरही न बोलता, ते शाळेच्या वाटेला लागले.